मैदानातली खुर्ची एवढी महाग कशी होते?

१५ जानेवारी १९६७. लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानात अमेरिकन फुटबॉलचा पहिला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना झाला. सगळ्यात महाग तिकीट होतं १२ डॉलरचं. सामना बघायला आले ६१,९४६ लोक आणि मैदान होतं नव्वद हजारांहून जास्त प्रेक्षकांचं. जवळजवळ एक तृतीयांश खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

महागाईचा हिशेब धरला तर ते १२ डॉलर आजचे साधारण ११५ होतात. आज एवढ्या पैशांत सुपर बोलच्या मैदानाजवळ गाडी लावायला जागा मिळाली तरी नशीब समजायचं. आत जायचं असेल तर अगदी वरच्या रांगेतल्या, कोपऱ्यातल्या खुर्चीलाही पुनर्विक्रीच्या बाजारात हजारो डॉलर मोजावे लागतात. तरीही मैदान खचाखच भरतं.

याचं सोपं उत्तर म्हणजे आयोजक हावरट झाले. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. हाव १९६७ मध्येही होतीच, फक्त तेव्हा ती चालली नाही. मग आता का चालते, हे समजून घ्यायला हवं.

खुर्च्या तेवढ्याच, बघणारे वाढले

टीव्हीवर सामना दाखवताना एका घरात दिसला काय आणि दहा कोटी घरांत दिसला काय, प्रत्येक वाढीव घराचा खर्च जवळपास शून्य. खुर्चीचं तसं नाही. तिची नक्कल काढता येत नाही. मैदान फार मोठं केलं तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला चेंडूच दिसणार नाही. त्यामुळे जगातली बहुतेक मोठी मैदानं ५० हजार ते एक लाख या पट्ट्यातच अडकून आहेत, आणि गेल्या साठ वर्षांत त्यात फारसा फरक पडलेला नाही.

गंमत अशी, की टीव्ही आला तेव्हा खेळाच्या संघटनांना उलटीच भीती होती. लोक घरी बसून बघतील, मैदानं ओस पडतील, असं त्यांना वाटायचं. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये १९७३ पासून नियमच होता, की घरच्या मैदानावरच्या सामन्याची तिकिटं ७२ तास आधी संपली नाहीत, तर तो त्या भागातल्या टीव्हीवर दाखवायचा नाही. हा नियम २०१५ मध्ये बाजूला ठेवला गेला, कारण त्याची गरजच उरली नव्हती. टीव्हीनं प्रेक्षक पळवले नाहीत. उलट ज्यांनी कधी मैदान पाहिलंही नसतं अशा कोट्यवधी लोकांच्या मनात 'एकदा तरी प्रत्यक्ष बघायचंय' ही इच्छा पेरली. त्यात विमानप्रवास सोपा झाला. पूर्वी अंतिम सामन्याच्या तिकिटासाठी तुमची स्पर्धा शहरातल्या लोकांशी असायची, आता ती जगातल्या कुठल्याही पैसेवाल्या चाहत्याशी असते.

दुर्मीळ वस्तू वाटायचे मार्ग मोजकेच असतात. ज्याच्याकडे पैसा जास्त त्याला द्या. जो रांगेत आधी येईल त्याला द्या. चिठ्ठ्या टाका, ज्याची निघेल त्याला द्या. नाहीतर जो आपल्या ओळखीतला त्याला द्या. पैसा, वेळ, नशीब, ओळख. जगातली कुठलीही तिकीट योजना उलगडून पाहिली तर आत या चौघांचंच कमी-अधिक मिश्रण सापडतं. तिकीट स्वस्त ठेवलं म्हणून ते सगळ्यांना मिळतं असं नाही, त्याची किंमत फक्त दुसऱ्या नाण्यात घेतली जाते. ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सीझन तिकिटाच्या (म्हणजे अख्ख्या हंगामाच्या तिकिटाच्या) प्रतीक्षा यादीत लाखाहून अधिक नावं आहेत. नंबर लागायला दशकं लागतात, म्हणून लोक बाळ जन्मल्या जन्मल्या त्याचं नाव यादीत घालतात. तिथं डॉलरइतकंच आयुष्यही मोजावं लागतं.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत या मिश्रणातला पैशाचा वाटा वाढत गेला, बाकीच्या तिघांचा आटत गेला. महागाईची गोष्ट मुळात एवढीच आहे. ती घडली कशी, हे मात्र बघण्यासारखं आहे.

विकायला असतात किती?

सत्तर हजारांचं मैदान म्हणजे सत्तर हजार तिकिटं विक्रीला, असं आपण धरून चालतो. तिथंच फसतो.

सुपर बोलच्या तिकिटांची ठरलेली वाटणी अशी आहे: खेळणाऱ्या दोन संघांना प्रत्येकी १७.५ टक्के, यजमान शहराच्या संघाला ५ टक्के, उरलेल्या २९ संघांना प्रत्येकी १.२ टक्के, आणि तब्बल २५.२ टक्के खुद्द लीगकडे. लीगच्या वाट्यातून प्रायोजक, प्रसारण कंपन्या, पाहुणे यांची सोय होते. बेरीज करा, शंभर पूर्ण होतात. 'सर्वसामान्य जनता' नावाचा रकानाच नाही. संघ आपल्या वाट्यातली काही तिकिटं सीझन तिकीटधारकांना सोडतीनं देतात, सामान्य चाहत्यासाठी मूळ किमतीचा दरवाजा तेवढाच.

युरोपियन फुटबॉल यात थोडं बरं. २०२३ मध्ये इस्तंबूलला मँचेस्टर सिटी आणि इंटर मिलान यांच्यात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. ७२ हजारांच्या मैदानात प्रत्येक संघाच्या चाहत्यांसाठी सुमारे २० हजार आणि खुल्या विक्रीसाठी सुमारे ७ हजार जागा होत्या. म्हणजे चाहत्यांकडे ४७ हजार. उरलेल्या २५ हजार गेल्या प्रायोजक, संघटना, प्रसारक आणि खास पाहुण्यांकडे. ही ओळखीची रांग कधी रस्त्यावर दिसत नाही, पण ती सगळ्यांच्या पुढे उभी असते.

आणि ओळखीनं मिळालेल्या गोष्टीची किंमत कळतेच असं नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तिकिटं मिळत नाहीत म्हणून लोक हळहळत होते, आणि पहिल्याच दिवसांत टीव्हीवर रिकाम्या खुर्च्यांचे पट्टेच्या पट्टे दिसू लागले. त्यातल्या बऱ्याच जागा 'ऑलिम्पिक परिवारा'च्या, म्हणजे पदाधिकारी, महासंघ, प्रायोजक यांच्या होत्या. आयोजकांनी मग सैनिकांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आणून तिथं बसवलं.

बाकड्याची झाली गादी

दुसरा बदल मैदानाच्या आतच झाला. १९६५ मध्ये ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम हे मैदान उघडलं, त्यात वरच्या बाजूला ऐषारामी खासगी कक्ष होते. कल्पना इतकी फायद्याची निघाली, की पुढे बांधलेल्या बहुतेक मोठ्या मैदानांत त्या कक्षांची रांग खाली सरकत आली आणि स्वस्त जागा वर किंवा बाहेर ढकलल्या गेल्या.

हे कक्ष घेतात कंपन्या. कंपनीला खेळ आवडतो की नाही हा प्रश्नच नसतो, तिला ग्राहकाला खूश करायचं असतं. अमेरिकेत असा 'करमणुकी'चा निम्मा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता यायचा, ही सवलत २०१७ च्या करकायद्यानं काढून घेतली. पण सवलत असो वा नसो, स्वतःच्या खिशातून पैसे न देणारा गिऱ्हाईक भाव करत नाही. अशा गिऱ्हाइकाशी मजुरीतून पैसे वाचवणाऱ्या चाहत्याची स्पर्धा लागली, की निकाल ठरलेलाच.

न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम हे बेसबॉलचं मैदान याचं नमुनेदार उदाहरण आहे. जुन्या मैदानात सुमारे ५७ हजार जागा होत्या. २००९ मध्ये शेजारीच नवं, अधिक खर्चिक मैदान उभं राहिलं आणि त्यात खुर्च्या होत्या जेमतेम ५० हजार. जागा मुद्दाम कमी केल्या, कारण कमी पण महाग खुर्च्यांत जास्त पैसा होता. पहिल्या रांगांतल्या खुर्चीचा भाव लावला एका सामन्याला २,५०० डॉलर. आर्थिक मंदीचं वर्ष होतं. त्या खुर्च्या नेमक्या कॅमेऱ्याच्या समोर, त्यामुळे प्रत्येक चेंडूला फलंदाजामागे रिकाम्या निळ्या खुर्च्या देशभर दिसायच्या. महिनाभरात काही खुर्च्यांचा भाव निम्मा करावा लागला.

काही संघांनी याहून पुढची पायरी गाठली. खुर्चीचं तिकीट विकत घेण्याचा हक्कच आधी विकायचा. १९९३ मध्ये कॅरोलिना पँथर्स संघानं नवं मैदान बांधण्यासाठी हा मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला, त्याला पर्सनल सीट लायसन्स म्हणतात. हजारो डॉलर भरून तुम्हाला खुर्ची मिळत नाही. दर वर्षी त्या खुर्चीचं तिकीट पूर्ण किमतीला घेण्याची परवानगी मिळते.

इंग्लंडमध्ये बदलाचं कारण वेगळं आणि दुःखद होतं. १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीनं ९७ जणांचा बळी घेतला. चौकशीनंतर जानेवारी १९९० मध्ये आलेल्या टेलर अहवालानं मोठ्या मैदानांत उभं राहून सामना बघणं बंद करा, सगळ्यांना बसायला जागा द्या, असं सांगितलं. उभ्यानं बघायच्या स्टँडमध्ये जेवढी माणसं मावायची, तेवढी खुर्च्यांवर मावत नाहीत. पण लोक एक गोष्ट विसरतात. त्याच अहवालात असंही म्हटलं होतं, की यामुळे गरीब प्रेक्षक बाहेर फेकला जाण्याचं कारण नाही. उदाहरण दिलं होतं ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं, जिथं बसायचं तिकीट ६ पौंड होतं आणि उभं राहण्याचं ४. क्लबांनी अहवालातल्या खुर्च्या घेतल्या, ६ पौंड मात्र तिथंच सोडले.

खेळाडूंच्या पगारामुळे?

'एवढे कोट्यवधी पगार द्यायचे म्हटल्यावर तिकीट महागणारच.' हे इतक्या वेळा ऐकू येतं, की ते खरंच वाटू लागतं. प्रत्यक्षात गाडी उलट्या दिशेनं धावते. तिकिटाचा भाव ठरतो लोक किती द्यायला तयार आहेत त्यावरून. तो पैसा गल्ल्यात आला, की तो आपल्याकडे खेचायला क्लब एकमेकांशी भांडतात आणि त्या भांडणात खेळाडूचा भाव वाढतो. पुरावा हवा असेल तर अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल बघा. तिथल्या खेळाडूंना अनेक दशकं शिष्यवृत्तीपलीकडे पगार नव्हता, आणि तरीही मोठ्या सामन्यांची तिकिटं भरपूर महाग होती. वाचलेला पैसा प्रेक्षकाला परत मिळाला नाही. तो प्रशिक्षकांच्या पगारात आणि मैदानांच्या बांधकामात गेला.

खर्चाचा खराखुरा दाब असतो तो फॉर्म्युला वनसारख्या ठिकाणी. तिथं शर्यत भरवणारा स्थानिक आयोजक फॉर्म्युला वन कंपनीला यजमानपदाची जबर फी देतो. प्रसारणाचा पैसा कंपनीचा, ट्रॅकभोवतीच्या जाहिरातींचा बहुतांश पैसाही कंपनीचा. आयोजकाच्या हाती उरतं मुख्यतः तिकीट. सरकारी मदत नसेल तर ती सगळी फी तिकिटातून वसूल करण्याखेरीज त्याला गत्यंतर नसतं. ब्रिटनच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकची अडचण नेमकी हीच आहे.

हलता भाव

आता वळू या ज्या शब्दानं लोकांच्या डोक्यात तिडीक जाते त्याकडे: डायनॅमिक प्रायसिंग. म्हणजे भाव पाटीवर कोरलेला नाही, तो मागणीप्रमाणे हलतो. विमान कंपन्या हे कित्येक वर्षं करतात. खेळात सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघानं २००९ मध्ये सुमारे दोन हजार खुर्च्यांवर प्रयोग केला आणि पुढच्या वर्षी तो सगळ्या मैदानाला लावला. समोरचा संघ कोण, गोलंदाज कोण, हवा कशी, आठवड्याचा वार कोणता, यावरून भाव वर-खाली.

याच्या बाजूनं एक रास्त मुद्दा आहे. बेसबॉलच्या हंगामात प्रत्येक संघ घरच्या मैदानावर ८१ सामने खेळतो. त्यातल्या मंगळवारच्या कंटाळवाण्या सामन्याचं तिकीट हलत्या भावामुळे खरोखर स्वस्त होतं, आणि पोरांना घेऊन जाणाऱ्याला ते परवडतं. पण अंतिम सामना एकच असतो. त्याला मंगळवार नसतो. तिथं भाव 'हलतो' म्हणजे जवळपास नेहमी वरच जातो. विमानाचा दाखला इथं लागू पडत नाही. आजचं विमान महाग असेल तर उद्याच्या विमानानं जाता येतं, आजचा अंतिम सामना उद्या होत नाही.

फिफानं २०२६ च्या विश्वचषकासाठी हीच पद्धत आणली. १९९४ मध्ये अमेरिकेतच झालेल्या विश्वचषकाची तिकिटं २५ ते ४७५ डॉलरची होती. २०२२ मध्ये कतारमध्ये अंतिम सामन्याचं सगळ्यात महाग साधं तिकीट सुमारे १,६०० डॉलरचं. २०२६ साठी विक्री उघडली तेव्हा पट्टा होता ६० ते ६,७३० डॉलर. यजमानपदाच्या मूळ प्रस्तावात तर स्पर्धेतलं सर्वात स्वस्त तिकीट २१ डॉलरचं दाखवलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये कळलं, की देशोदेशीच्या संघांच्या निष्ठावंत चाहत्यांसाठी राखीव कोट्यातही अंतिम सामन्याची सुरुवात चार हजार डॉलरच्या वर आहे, तेव्हा युरोपातल्या चाहत्यांच्या संघटनेनं याला विश्वासघात म्हटलं. ओरड इतकी झाली, की काही दिवसांत फिफानं त्या कोट्यातली थोडी तिकिटं ६० डॉलरला द्यायचं जाहीर केलं, अंतिम सामन्यासकट.

फिफाचं उत्तर असं, की हा पैसा शेवटी जगभरच्या फुटबॉलवरच खर्च होतो, आणि मागणी बघा: एका सोडतीत ५० कोटींहून अधिक तिकिटांसाठी अर्ज आले. आकडा डोळे फिरवणारा आहे, पण तो माणसांचा नाही. नशीब आजमावायला एकच माणूस अनेक सामन्यांसाठी अर्ज करतो. शिवाय अर्ज करणाऱ्यांतले सगळे चाहते नसतात. काही जणांना सामना बघायचाच नसतो.

ब्लॅकवाला आता कार्यालयात बसतो

पूर्वी मैदानाबाहेर 'दो का चार' करणारा ब्लॅकवाला असायचा. आज त्याच्याकडे सॉफ्टवेअर आहे. विक्री उघडताच हे बॉट माणसापेक्षा कितीतरी वेगानं तिकिटं उचलतात. अमेरिकेत २०१६ मध्ये त्याविरुद्ध खास कायदा झाला. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं १९९४ पासून गुन्हा आहे. मात्र त्यामागचं कारण महागाई नव्हतं, दोन संघांचे समर्थक एकाच स्टँडमध्ये मिसळून मारामाऱ्या होऊ नयेत हे होतं. अमेरिकेत उलट पुनर्विक्री बहुतेक ठिकाणी उजळ माथ्यानं चालते आणि लीग स्वतःच त्यात भागीदार असतात. २०२६ साठी फिफानंही स्वतःचा पुनर्विक्री बाजार मांडला: विकणाऱ्याकडून १५ टक्के, घेणाऱ्याकडून १५ टक्के. एकच खुर्ची तीनदा हात बदलली तर तीनदा वाटा.

या धंद्याची एक अंधारी बाजू कमी लोकांना माहीत असते. दलाल अनेकदा हातात नसलेलं तिकीटच विकतात. सामना जवळ आला की भाव पडतील, तेव्हा स्वस्तात घेऊ आणि गिऱ्हाइकाला देऊ, हा हिशेब. फेब्रुवारी २०१५ मध्ये ॲरिझोनातल्या सुपर बोलच्या वेळी तो पार उलटला. आठवडाभर आधी भाव पडण्याऐवजी भडकला आणि दहा हजार डॉलरच्या आसपास गेला. दलालांना तोट्यात तिकीट घेऊन देणं परवडेना, त्यांनी हात वर केले. ज्यांनी महिनाभर आधी पैसे भरले होते, विमान आणि हॉटेलचं आरक्षण केलं होतं, असे कितीतरी लोक मैदानाच्या दारापर्यंत येऊन बाहेरच राहिले. पैसे परत मिळाले तरी सामना गेलाच.

मग आयोजकानं पहिल्यापासूनच बाजारभाव लावला तर दलालाच्या हाती काही उरणार नाही, असा युक्तिवाद अर्थशास्त्राचे विद्यार्थी हमखास करतात. प्रिन्स्टनचे अर्थतज्ज्ञ ॲलन क्रुगर यांनी २००१ च्या सुपर बोलला जाऊन प्रेक्षकांनाच गाठलं. तिकिटाची दर्शनी किंमत होती ३२५ ते ४०० डॉलर, आणि बाहेर भाव त्याच्या कितीतरी पट. सोडतीत तिकीट लागलेल्यांना त्यांनी दोन प्रश्न विचारले. सोडतीत लागलं नसतं तर ३,००० डॉलर देऊन घेतलं असतं का? दहातल्या नऊहून अधिक जण म्हणाले, नाही. आणि आता कुणी ३,००० देऊ केले तर विकाल का? पुन्हा दहातल्या नऊहून अधिक जणांचं उत्तर आलं, नाही.

एकच माणूस, तेच तिकीट, तीच रक्कम. घ्यायला महाग आणि विकायला स्वस्त. पाठ्यपुस्तकातलं गणित इथं अडखळतं. 'हौसेला मोल नसतं' ही म्हण आपण दुसऱ्याच्या उधळपट्टीवर टोमणा म्हणून वापरतो, पण तिचा शब्दशः अर्थ इथं सापडतो: काही गोष्टींचं मोल लोक मनात मांडतच नाहीत, आणि कुणी ते पाटीवर लिहून समोर धरलं, की त्यांना राग येतो. सीझनभर पावसात येऊन ओरडणाऱ्या चाहत्याला तो सामना अंशतः स्वतःचाच वाटतो.

मग सगळेच का लुटत नाहीत?

मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात रोचक प्रश्न हाच वाटतो. इतकी मागणी असताना अनेक क्लब अजूनही मिळू शकतो त्यापेक्षा कमी भाव लावतात. का?

कारण प्रेक्षक हा नुसता गिऱ्हाईक नाही, तो विकाऊ मालाचा भाग आहे. २०२० मध्ये कोविडच्या काळात रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हा हे जगानं पाहिलं. खेळ तोच, खेळाडू तेच, आणि तरी टीव्हीवर सगळं सरावासारखं वाटत होतं. घरच्या संघाला मिळणारा फायदाही अनेक स्पर्धांत घटल्याचं दिसलं. आज बड्या क्लबांची मोठी कमाई प्रसारणातून आणि जाहिरातींतून येते. तिथं विकला जातो तो आवाज, ते झेंडे, ती गाणी. ते करणारी माणसं बहुधा स्वस्त जागांवर बसतात.

जर्मनीत हे चांगलं उमगलेलं आहे. तिथं १९९८ पासून '५० अधिक १' हा नियम आहे. काही अपवाद सोडले तर क्लबमधली बहुसंख्य मतं सदस्यांच्या, म्हणजे मुख्यतः चाहत्यांच्या हातात राहायला हवीत. डॉर्टमुंडच्या मैदानात लीगच्या सामन्यांना ८१ हजारांहून जास्त लोक मावतात, कारण एका टोकाला सुमारे २५ हजार माणसं उभ्यानं सामना बघतात. तीच ती 'पिवळी भिंत'. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी तिथं खुर्च्या बसवल्या, की एकूण क्षमता ६६ हजारांच्या आसपास येते. बायर्न म्युनिक क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष उली होनेस यांनी एकदा या धोरणामागचा हिशेब सांगितला होता: उभ्याच्या सीझन तिकिटाचा भाव तिप्पट केला तर वर्षाला वीसेक लाख पौंडांची भर पडेल, पण एका खेळाडूच्या खरेदीत तेवढ्या रकमेवर आम्ही पाच मिनिटं घासाघीस करतो. चाहत्यासाठी मात्र ती रक्कम फार मोठी असते.

जिथं मालक हे ओळखत नाहीत, तिथं चाहते ओळख करून देतात. २०१६ मध्ये लिव्हरपूलनं नव्या स्टँडमधलं सर्वात महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध लिव्हरपूल २-० नं पुढे होतं. ७७ वं मिनिट लागलं आणि सुमारे दहा हजार लोक उठून चालू लागले. उरलेल्या मिनिटांत संडरलँडनं दोन गोल मारले, सामना २-२. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून भाववाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगनं पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली.

मैदानातलं खाणंपिणं हीसुद्धा लुटीची जुनी जागा. एकदा आत शिरलात की दुसरं दुकान नाही, अडला हरी करणार काय. पण अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियमनं २०१७ मध्ये उघडतानाच भाव जुन्या मैदानाच्या निम्म्यावर आणले, हॉट डॉग २ डॉलर. त्या पहिल्या हंगामात माणशी खर्च सोळा टक्क्यांनी वाढला. लोक लवकर यायला लागले आणि आतच खायला लागले.

तिकिटाबाहेरच्या खर्चावर आयोजकाचा ताबा कमी असतो: शहरातली हॉटेलं तीच, गाद्या तेवढ्याच, पाहुणे दहापट. पॅरिसनं २०२४ च्या ऑलिम्पिककाळात मेट्रोचं एका प्रवासाचं तिकीट २.१५ युरोवरून ४ युरोवर नेलं. पासधारक रहिवाशांना त्याची झळ नव्हती, ती बाहेरून येणाऱ्यांसाठी होती. पण त्याच स्पर्धेनं सुमारे दहा लाख तिकिटं २४ युरोला काढली होती. दोन्ही निर्णय एकाच शहरातले.

तीन माणसं, एक कोर्ट

शेवटी विम्बल्डनकडे जाऊ या, कारण तिथं पैसा, नशीब आणि वेळ हे वाटपाचे तिन्ही मार्ग एकाच हिरवळीभोवती उघडपणे मांडून ठेवले आहेत.

एक आहे डिबेंचर, म्हणजे क्लबला मोठी रक्कम देऊन पाच वर्षं स्पर्धेच्या प्रत्येक दिवशी एका खुर्चीचा हक्क घ्यायचा. १९२० मध्ये नव्या मैदानासाठी पैसा उभा करायला क्लबनं ही पद्धत सुरू केली. २०२६ ते २०३० या पाच वर्षांसाठी सेंटर कोर्टच्या एका डिबेंचरची किंमत आहे १,१६,००० पौंड. पाच वर्षांचे ७० दिवस धरले तर दिवसाला साधारण १,६५७ पौंड पडतात. त्याची तिकिटं खुशाल पुढे विकता येतात. या पैशातून कोर्टावर सरकतं छप्परसुद्धा आलं. दुसरी आहे सोडत. अर्ज करा, लागली तर तारीख आणि कोर्ट सांगतील तेच घ्या, आणि दुसऱ्याला विकायचं नाही. तिसरी आहे रांग. सेंटर कोर्टची सुमारे ५०० तिकिटं, शेवटचे चार दिवस सोडले तर, रोज सकाळी रांगेतल्या माणसांना दर्शनी किमतीला मिळतात. त्यासाठी लोक आदल्या दिवशीच शेजारच्या उद्यानात तंबू ठोकतात. प्रत्येकाला क्रमांकाचं कार्ड मिळतं, माणशी एकच तिकीट.

दुपारनंतर कुणी लवकर घरी निघालं, की त्याची जागा थोड्याशा पौंडांत पुन्हा दिली जाते आणि तो पैसा धर्मादाय कामाला जातो. त्यामुळे संध्याकाळी सेंटर कोर्टवर कधी कधी असं दृश्य असतं: एका खुर्चीत सहा आकडी रक्कम मोजलेला माणूस, थोड्या अंतरावर चिठ्ठी निघालेली एखादी शिक्षिका, आणि तिच्या मागे रात्रभर तंबूत झोपून अंग आंबलेला, पहिल्याच सेटमध्ये डुलक्या काढणारा विद्यार्थी.